उपासाच्या सॅलडात अळी

(डिसेंबरातली दुपार, नीश शहर. घराण्याच्या संताचा सण, म्हणजे स्लावा, यंदा पहिल्यांदाच ओग्न्येनच्या फ्लॅटवर आहे. स्वयंपाकघरात त्याची बायको तियाना आणि गावाहून आलेली त्याची आई रादोयका. ओग्न्येन बाहेर टेबलं जोडतोय.)

रादोयका : थांब. चमचा फिरवू नकोस. हात काढ त्या वाडग्यातून.

तियाना : काय झालं, आई? मीठ जास्त पडलं का?

रादोयका : मीठ कुठलं! ती बघ, गाजराच्या शेजारी. मटार नाही तो.

तियाना : पार्सलीचा देठ असेल.

रादोयका : देठाला पाय असतात का गं?

तियाना : अगं बाई! अळी!

रादोयका : हळू. बाहेर ऐकू जाईल. संत निकोलाच्या दिवशी, उपासाच्या सॅलडात, शिजलेली अळी! मासा चालतो उपासाला, अळी कशात बसते ते पाद्रीबाबांनाच विचारायला हवं.

तियाना : एक तर आहे. काढून टाकते. कुणाला कळणार?

रादोयका : मला कळलं ना! माझे मटार आहेत ते.

तियाना : तुमचे म्हणजे... असं कसं म्हणता...

रादोयका : माझे म्हणजे माझेच. डबा ओळखत नाही होय मी? आइस्क्रीमचा पिवळा डबा, कोपऱ्याला चीर गेलेला. अंगणात बसून एकेक शेंग सोलली, डोळ्यांत तेल घालून. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातच्या भाजीत कुणाला केस सापडला नाही. माझी सासू शोधत बसायची मुद्दाम, तिलाही नाही. आणि आज अळी. ती पण बोटाएवढी!

तियाना : बोटाएवढी कुठं? नखाएवढी आहे.

रादोयका : नखाएवढी असो नाहीतर सापाएवढी. मला दिसली नाही, म्हणजे झालंच की. डॉक्टर म्हणालाच होता, मोतीबिंदू आहे म्हणून. मी त्याला म्हटलं, मला सगळं दिसतं, तूच चष्मा पूस. कसलं दिसतंय!

तियाना : पण आत्ता तर तुम्हालाच दिसली. तुमचा चष्मा पर्समध्ये आहे. मी दोनदा ढवळलं हे सगळं, मला नाही दिसली ती.

रादोयका : आता दिसून काय उपयोग? सोलताना दिसायला हवी होती. आणि नुसते डोळेच नाहीत, पोरी. मघाशी मटार तोंडात टाकला, तर चवच नाही. नुसता भिजलेला कागद. माझे मटार कसे, मुलं कच्चेच फस्त करायची. आता जीभही गेली म्हणायची.

तियाना : आई, इतकं काय मनाला लावून घेता? बसा ना जरा.

रादोयका : बसायचंच आहे आता. तो मिलुतिन आहे ना, आपल्या कुंपणापलीकडचा? ओग्न्येनचे बाबा गेल्यापासून मागे लागलाय माझ्या. वहिनी, मळा देऊन टाका, वहिनी, कशाला राबता. मी म्हणायचे, मी उभी आहे तोवर नाही. आज येईलच तो. स्लावाला बोलावणं थोडंच लागतं, ज्याला यायचं तो येतो. आला की सांगते, घे बाबा.

तियाना : आज? असं एकदम?

रादोयका : मग कधी? पाहुण्याच्या घशात अळी गेल्यावर?

तियाना : मळ्याशिवाय तुम्ही करणार काय?

रादोयका : बाकीच्या म्हाताऱ्या काय करतात? टीव्ही बघतात. बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतात. शिकेन मीही. तिथली विहीर ह्यांनी स्वतः खणली होती, तियाना. मी वरून दोर ओढायची आणि हे आतून गाणी म्हणायचे, बेसूर. रात्री अंग दुखायचं दोघांचं, तरी हसायचो. जाऊ दे. तो कांदा दे इकडं. डोळ्यांत पाणी यायला निदान काही कारण तरी होईल.

तियाना : कांदा राहू दे, आई. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ते मटार तुमचे नाहीत.

रादोयका : डबा माझा आहे.

तियाना : डबा तुमचा, मटार दुकानातले. काल कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधून गोठवलेल्या मटाराची पिशवी आणली आणि तुमच्या डब्यात ओतली.

रादोयका : चांगली पोर आहेस तू. पण म्हातारीचं मन राखायला संताच्या दिवशी खोटं बोलू नये.

तियाना : खोटं काल बोलले. आज खरं बोलतेय. ओग्न्येन! ये इकडं.

ओग्न्येन : आत्ता नाही! टेबलाचा पाय हातात आलाय माझ्या.

तियाना : मग पायासकट ये. आईंना सांग मटारांचं काय झालं ते.

ओग्न्येन : आपलं ठरलं होतं ना की...

रादोयका : काय ठरलं होतं?

ओग्न्येन : कुठं काय? मटार झकास, आई! तुझ्या हाताची सर कुणाला...

तियाना : अळी निघाली त्यात. आईंना वाटतंय, त्यांना दिसत नाही म्हणून राहिली. मळा विकायला निघाल्यात.

ओग्न्येन : मळा? वेडबिड लागलं का तुला, आई? तुझे मटार उन्हाळ्यातच गेले. मीच घालवले. समुद्रावर निघायच्या आधी फोन चार्ज करायला फ्रीजरचा प्लग काढला, आणि परत लावायचा राहिला.

रादोयका : कधीपर्यंत?

ओग्न्येन : परत येईपर्यंत.

तियाना : जिन्यातच वास आला. शेजारच्या बाई नाकाला रुमाल लावून विचारत होत्या, तुमच्याकडे सगळे ठीक आहेत ना?

रादोयका : आणि माझ्या लाल ढोबळ्या मिरच्या? भाजून, सोलून दिलेल्या?

तियाना : त्याही. सगळंच गेलं. डबे तेवढे धुऊन ठेवले. तुम्हाला फोन करायला धजले नाही. वाटलं, तुम्ही म्हणाल, हिच्या हाती सण द्यायचा आणि हिला साधा फ्रीजर सांभाळता येत नाही.

रादोयका : म्हणजे ही अळी...

तियाना : दुकानातली.

रादोयका : आणि तो भिजलेला कागद...

तियाना : तोही दुकानातलाच. तुमची जीभ शाबूत आहे, आई. सगळ्या बिल्डिंगला पुरून उरेल इतकी.

रादोयका : ओग्न्येन, तो टेबलाचा पाय दे बघू इकडं.

ओग्न्येन : मारतेस काय?

रादोयका : मारायलाच हवं. त्या मिरच्यांपायी माझी बोटं सोलवटली होती, गाढवा! आणि बघ, हसतेय मी. एवढं नुकसान ऐकून हसणारी बाई मीच पहिली. जीव भांड्यात पडला रे. मला वाटलं, संपले मी.

तियाना : रागावला नाहीत?

रादोयका : रागावलेय तर! मिरच्यांवरून उद्या बोलेन, सवडीनं. पण तुला गप्प राहता आलं असतं. मळा गेला असता, मी बाकावर बसले असते आणि तुझं नाव राहिलं असतं.

तियाना : तुम्ही कांदा मागितलात ना, तेव्हा राहवलं नाही मला.

रादोयका : हं. मोतीबिंदू मात्र खरा आहे हो. तो काढून घ्यावाच लागेल.

तियाना : घेऊ काढून. मी येते सोबत. आणि शेंगा भरल्या की सोलायलाही येते. एकीला नाही दिसली तर दुसरीला दिसेल.

रादोयका : तू? नखं बघितलीस का स्वतःची?

तियाना : कापेन की.

ओग्न्येन : मी पण येतो, आई.

रादोयका : तू फ्रीजरपासून लांब राहा, तेवढी मदत पुरे.

तियाना : या सॅलडाचं काय करू?

रादोयका : फेक. बटाटे उकडलेले आहेत, गाजरं आहेत. लोणच्यातल्या काकड्या जास्त घाल.

तियाना : मटाराशिवाय? लोक काय म्हणतील?

रादोयका : म्हणतील, रादोयकाच्या सुनेची तऱ्हाच वेगळी. म्हणू देत. पुढच्या वर्षी आपले घालू.

ओग्न्येन : बेल वाजतेय! खोकल्यावरून मिलुतिनकाकाच वाटतोय.

तियाना : आई, पहिला पाहुणा आहे. पाहुण्यांना आधी द्यायच्या गोड गव्हाचं ताट तुम्हीच घ्या, मान तुमचा.

रादोयका : घर कुणाचं? तुझं. चमचाभर गहू तूच दे त्याला. मळ्याला नाही म्हणायला मी येतेच मागून.