व्याह्यांची कटरपेटी

...आणि वर म्हणतात काय, ‘घाई नाही हं, सवडीनं बघा.’ आता तुम्हाला सांगतो, ‘सवडीनं’ म्हणणारा माणूस जसा मानगुटीवर बसतो ना, तसा तगादा लावणारासुद्धा बसत नाही. विचारा आमच्या दाजींना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराच्या मागच्या खोलीत कटरला धार लावून देतात. कागद कापायचा कटर नव्हे बरं का, मिलिंग मशीनवर फिरतो तो. पोलादी चकती, कडेनं दात, आणि फिरत फिरत लोखंड कुरतडत जातो. दात बोथट झाले की कारखानेवाले दाजींकडे पाठवतात, दाजी दातावरून अंगठ्याचं नख फिरवतात आणि सांगून मोकळे, याला धार लागेल, तो भंगारात टाका. तीस वर्षं मोठमोठ्या कारखानदारांना तोंडावर नाही म्हणणारा माणूस! पण गेल्या वर्षी पोरीचं लग्न झालं, आणि तिचे सासरे निघाले जुने मिलिंगवाले, नुकतेच निवृत्त झालेले, हाताला काम नाही... आता करता काय, व्याही पडले.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आले की पेटी घेऊन. एकतीस कटर, एकेक तेलकट कागदात असा गुंडाळलेला, जसं लेकरू दुपट्यात. आणि सगळे तऱ्हेवाईक. एक डावरा, म्हणजे बाकीचे ज्या बाजूला फिरतात त्याच्या उलटं फिरवल्याशिवाय कापणारच नाही. एक शिलाई मशीनच्या कुठल्याशा भागासाठी मुद्दाम घडवलेला, तो भाग बनवणारा कारखाना बंद पडूनच वीस वर्षं झालेली. दाजींना बघताक्षणी कळलं, यातल्या दोन कटरना धार लावण्यात अर्थ आहे, एकोणतिसांत नाही. सांगायला तोंड उघडलं, तर दारात ताई. हातात चहाचा ट्रे, आणि डोळे असे... तुमचं लग्न झालं असेल तर ते डोळे तुम्हाला ठाऊक आहेत. दाजी म्हणाले, ‘ठेवून जा, बघतो.’

संपलं. अडकले.

बरं, असल्या कटरची गंमत काय असते, धार लावायला दहा मिनिटं, पण तो मशीनवर धरायचा कसा हे जुळवण्यात अख्खा दिवस जातो, कारण तसला दुसरा जगात नसतो. तो दिवस कुठला? रविवार. आणि व्याही शेजारच्या स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, शांत. नुसते बघतात! एक कटर होता, त्याचं सगळं मोल त्याच्या व्यासात, धार लावली की व्यास उतरणार आणि त्यानं पाडलेली खाच लहान भरणार. दाजींना हे पाठ. तरी लावली. लावून झाल्यावर व्याह्यांनी खिशातनं मायक्रोमीटर काढला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, ‘अर्धा मिलिमीटर कमी भरतोय.’ रागावून नाही हो, मऊ आवाजात. रागावले असते तर दाजींना भांडता तरी आलं असतं. पण भांडता कुणाशी, व्याही पडले.

मधल्या वारी पोरीचा फोन, ‘बाबा, इकडचे बाबा विचारत होते, तो पडक्या दातांचा कटर झाला का?’ ताईचं पालुपद वेगळंच, ‘अहो, पोरीला तिथं नांदायचंय, तुमची जीभ जरा आवरा.’ एका रविवारी दाजींनी ताप आल्याचं सांगून पांघरूण ओढलं, तर व्याही पलंगाशी खुर्ची घेऊन बसले, कपाळाला हात लावून बघितला आणि रुमालातून एक कटर काढून उशीशी ठेवला. म्हणे, ‘पडल्या पडल्या बघता येईल.’

आठ महिने! मग आली त्या डावऱ्याची पाळी. त्याला धरायची सोय करण्यातच तीन रविवार गेले. धारेच्या चाकाला लावायच्या आधी दाजींनी सवयीनं टिचकी मारली, तर आवाज बद्द. आत तडा. दाजींनी मशीन बंद केलं. ताई दारातच होती, पण या खेपेला त्यांनी तिकडे बघितलंच नाही.

‘व्याहीबुवा,’ ते म्हणाले, ‘याला तडा गेलाय. आणि नसता गेला तरी धार लावण्यात अर्थ नव्हता. दोन सोडले तर तुमच्या पेटीतल्या कशालाच नाही. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.’

दाजी नंतर मला म्हणाले, तेव्हा डोळ्यांपुढे पोरगी बॅग घेऊन दारात उभी दिसली.

व्याह्यांनी डावरा उचलला, पुसला, कागदात गुंडाळला.

‘मलाही कळलं होतं,’ ते म्हणाले. ‘हयातभर मीच चालवलेत ते. सहा जणांना दाखवले, सहाही जण म्हणाले, देतो लावून, आणि नासवून दिले. तोंडावर नाही म्हणणारे तुम्ही पहिले.’

आणि हातात हात घेतला हो दाजींचा, कितीतरी वेळ सोडेनात. ताईनं पदरानं डोळे पुसले. त्या दिवशी दाजी दोन घास जास्त जेवले, आणि पुढच्या रविवारी आठ महिन्यांत पहिल्यांदा उशिरापर्यंत लोळले.

दहा वाजता फाटक वाजलं. व्याही! आणि मागे तीन म्हातारे, सगळे निवृत्त मिलिंगवाले, प्रत्येकाच्या काखेत पेटी.

‘यांना म्हटलं, आमचे व्याही खरं ते सांगतात. घाई नाही हं.’

आता हाकलता कसं, व्याही पडले... आणि व्याह्यांचे दोस्तही व्याह्यांच्याच मानाचे, असं ताईचं म्हणणं. परवा मी गेलो तर चौघे भिंतीशी ओळीनं बसलेले, आणि दाजी एकेकाच्या कटरवरून नख फिरवताहेत. हळूच विचारलं, दाजी, यातून सुटका कधी?

मान वर न करता म्हणाले, ‘कटरचं बरं असतं रे. आता पुरे, असं त्याला कुणीतरी सांगतं.’