हजारात एकेचाळीस

चिगुसा : …आणि आपला आकडा एकेचाळीस आलाय, तोजी-सान. म्हणून चार वाजल्यापासून जागी आहे मी.

तोजी : थांब, पुन्हा सांग. चहा ओतताना माझ्या कानात काही जात नाही.

चिगुसा : फोनवर आपली जाहिरात येते ना, तुमचा फोटो असलेली? ती हजार वेळा दिसली तर एकेचाळीस वेळा कोणीतरी तिच्यावर बोट दाबतं. त्याला क्लिक म्हणतात. आपल्या कारखान्यांच्या संघानं सगळ्या दारूवाल्यांची सरासरी मागवलीय. ती हजारात नऊ आहे.

तोजी : म्हणजे आपण चौपटीच्या वर. मग तोंड का आंबलंय तुझं?

चिगुसा : कारण जानेवारीत आपण आठ होतो.

तोजी : एका गुणानं नापास.

चिगुसा : हो. आणि सलग दोन महिने सरासरीच्या खाली राहिलं, की टोकियोच्या दुकानात संघाची जी फळी आहे तिच्यावरून आपल्या बाटल्या उतरणार. दहाही कारखान्यांनी मिळून ठरवलंय. आज अकराला बैठक आहे. त्याआधी मला फेब्रुवारीचा आकडा पाठवायचाय.

तोजी : फळी गेली तर पुढं काय, ते मला ठाऊक आहे. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तुझे बाबा इथंच बसून सांगून गेले. पुढच्या हिवाळ्यापासून इथं साके करायची नाही, दुसऱ्याची आणायची आणि आपलं लेबल चिकटवायचं. अर्धा तास बोलत होते, माझ्याकडं एकदाही बघितलं नाही त्यांनी.

चिगुसा : मला वाटलं तुम्हाला माहीत नाही.

तोजी : एकतीस हिवाळे येतोय मी या कारखान्यात. तुझे बाबा जिन्यावरून कसे उतरतात त्यावरून कळतं मला, तांदूळ महागला की दात दुखतोय. बरं, एकेचाळीस आलेत ना? पाठवून दे आणि झोप जा.

चिगुसा : एवढे कुठून आले ते बघितलं मी.

तोजी : कुठून आले?

चिगुसा : तुमच्या गावाकडून.

तोजी : ताजिमातून? तिथं कोण बघणार आपली जाहिरात? आमच्या वाडीत सत्तावीस माणसं. सगळ्यात तरुण आहे पोस्टमन, तो सत्तावन्नचा.

चिगुसा : चूक माझीच आहे. फेब्रुवारीच्या एक तारखेला मी जाहिरात बदलली. ती कोणाला दाखवायची ते यंत्राला सांगावं लागतं. वय विसाच्या वर, हे तर कायद्यानंच. पुढं कशाची आवड असलेली माणसं हवीत, तिथं मी लिहिलं, ‘ताजिमा तोजी’.

तोजी : मग बरोबरच लिहिलंस. ताजिमाच्या डोंगरातून हिवाळ्यात साके करायला येतात ते मुख्य कारागीर म्हणजे ताजिमा तोजी. मी आहे, माझे वडील होते. साके पिणाऱ्या कोणालाही हे नाव माहीत असतं.

चिगुसा : पिणाऱ्याला माहीत असतं. यंत्र पीत नाही. त्यानं ‘ताजिमा’ एवढंच वाचलं आणि गावाचं नाव समजून जाहिरात तिकडं नेऊन लावली.

तोजी : (हसून) बरा कारकून ठेवलायस.

चिगुसा : हसू नका. महिनाभरात जाहिरात वीस हजार वेळा दिसली, आठशे वीस वेळा दाबली गेली. त्यातल्या सहाशे चौऱ्याण्णव एकट्या ताजिमातल्या. रोज पंचवीसेक. आणि बहुतेक सगळ्या पहाटे साडेपाच ते सहाच्या दरम्यान.

तोजी : साडेपाच.

चिगुसा : त्या वेळी काय असतं तिकडं?

तोजी : काही नसतं. उठतात. चूल… म्हणजे स्टोव्ह पेटवतात. बर्फ किती पडलाय ते खिडकीतून बघतात.

चिगुसा : जाहिरातीखाली लोकांनी लिहिलंयही. वाचू?

तोजी : वाच. चष्मा कोजीच्या खोलीत राहिलाय माझा, तांदळाला बुरशी चढवताना काढून ठेवला होता.

चिगुसा : तुमच्याबद्दलच आहे. ‘निशिगाकी बारीक झालाय.’ त्याच्याखाली दुसऱ्या कोणाचं, ‘बारीक नाही, बाजूनं काढलाय फोटो.’ मग, ‘गुडघा कसा आहे?’ ‘टाकीवर चढतोय म्हणजे बरा असावा.’ ‘टोपी नवी दिसते, कोणी दिली?’

तोजी : तुझ्या आईनं दिली. लिही खाली.

चिगुसा : हे बघा, हे मोठं आहे. ‘कोणीही न दाबता पुढं जाऊ नये. दाबलं नाही तर चित्र पुन्हा येत नाही, असं बँकेतली मुलगी म्हणाली. मी रोज दाबतो. ओगावा.’

तोजी : ओगावा म्हणजे पोस्टमन.

चिगुसा : आणि गंमत म्हणजे ते खरं आहे. जिथं लोक दाबतात तिथंच यंत्र जास्त दाखवतं. तुमच्या पोस्टमननं आमच्या संघाच्या चिटणिसापेक्षा नीट ओळखलंय ते.

तोजी : आणखी काय आहे?

चिगुसा : एक शेवटचं आहे. नुसतं, ‘मफलर घाल.’ नाव फुसाए.

तोजी : हं.

चिगुसा : तुमच्या घरच्या ना?

तोजी : घरचीच. टाकीवर वाकताना मफलर घालत नाही कोणी. आत पडला तर? चाळीस वर्षं सांगतोय तिला.

चिगुसा : त्या फोनवर काही बोलल्या नाहीत का तुम्हाला?

तोजी : रविवारी करतो मी फोन. ती बर्फ किती ते सांगते, मी टाक्या किती ते सांगतो. संपलं. मला वाटायचं, मी ऑक्टोबरात निघालो की तिला सुटल्यासारखं होत असेल. घरात तेवढं नात्तो, ते आंबवलेलं सोयाबीन, तरी मोकळेपणानं खाता येतं. मी इथं असताना शिवतही नाही, कोजीत नात्तोचे जंतू गेले की सगळं वाया. सवय लागली मला, उन्हाळ्यातही नाक मुरडतो. ती वैतागते.

चिगुसा : चहा गार झाला तुमचा.

तोजी : असू दे. मला एक सांग. दाबणारी माणसंच आहेत ना? भुतं नाहीत?

चिगुसा : माणसंच.

तोजी : विसाच्या वरची?

चिगुसा : बहुतेक साठाच्याही वरची.

तोजी : मग यात खोटं काय आहे? संघानं विचारलं, किती दाबल्या. आठशे वीस दाबल्या. त्या कोणी दाबाव्यात असं कुठं लिहिलंय?

चिगुसा : कुठंच नाही. मीही पहाटेपासून स्वतःला हेच सांगतेय.

तोजी : मग?

चिगुसा : त्यातल्या एकानंही बाटली घेतलेली नाही.

तोजी : कशाला घेतील? दर एप्रिलला मी घरी जाताना घेऊन जातो. फुकटची पितात. वर म्हणतात, गेल्या वर्षीची बरी होती.

चिगुसा : ताजिमा वगळलं, तर जाहिरात अठरा हजार वेळा दिसली आणि एकशे सव्वीस वेळा दाबली गेली. हजारात सात.

तोजी : जानेवारीपेक्षाही एक कमी.

चिगुसा : हो. आणि काल रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, कसं चाललंय. मी एकेचाळीस म्हणून सांगून बसले. तोवर नीट बघितलंच नव्हतं मी. ते दोन घास जास्त जेवले. मग त्यांनी संघाच्या अध्यक्षांना फोन केला.

तोजी : अरे देवा.

चिगुसा : अध्यक्ष म्हणाले, फारच छान, आज बैठकीत सगळ्यांना हेच करायला सांगू. प्रत्येक कारखान्यानं आपापल्या तोजीचा फोटो लावायचा, आणि वसंतातला जाहिरातीचा सगळा पैसा त्यावर घालायचा. ओमोरी-सानना तर त्यांनी रात्रीच कळवलं.

तोजी : नदीपलीकडच्या ओमोरी? नवरा गेल्यावर एकटी चालवते ती?

चिगुसा : त्याच. मागच्या महिन्यात त्यांचे दहा होते. म्हणजे त्यांची गाडी नीट चाललीय. तांदळाच्या शेताचा फोटो आहे त्यांचा. तो काढून तोजीचा लावणार म्हणाल्या.

तोजी : त्यांचा तोजी पंचविशीतला आहे. शहरातला. त्याच्या गुडघ्याची चौकशी कोण करणार?

चिगुसा : तेच.

तोजी : मग त्या दहावरून कुठं येतील?

चिगुसा : मला नाही सांगता येणार. आमचा आकडा बघून त्या फोटो बदलतील, आणि आमचा आकडा म्हणजे तुमची वाडी. बाकीच्या आठ जणांचंही तेच.

तोजी : हं.

चिगुसा : तुम्ही म्हणालात तर मी एकेचाळीसच पाठवते, तोजी-सान. मनापासून सांगते. पुढचा हिवाळा तुमचा जाणार आहे, माझा नाही. मी ओसाकाला परत जाऊन कुठंही नोकरी करीन.

तोजी : तू नववीत होतीस तेव्हा चार नंबरची टाकी बिघडली होती. आठवतं?

चिगुसा : वास आठवतो.

तोजी : रात्रीत दोन अंश चढली आणि मी झोपून राहिलो. वहीत तसंच लिहिलं, ‘दोन अंश चढली. तोजी झोपला होता.’ तुझे आजोबा होते तेव्हा. ते म्हणाले, हे झोपल्याचं कशाला लिहिलंस, हवामान लिही. मी म्हटलं, हवामान लिहिलं तर पुढचा तोजी आभाळाकडं बघत बसेल.

चिगुसा : मग आजोबा काय म्हणाले?

तोजी : दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी गजराचं घड्याळ आणून ठेवलं. अजून आहे. भयंकर आवाज आहे त्याचा.

चिगुसा : म्हणजे काय लिहू?

तोजी : दोन्ही लिही. सगळे मिळून एकेचाळीस. तोजीच्या गावची माणसं वगळून सात. आणि तुझी चूक कशी झाली तेही लिही, नाहीतर दुसरा कोणी आपल्या तोजीच्या मुलखाचं नाव घालून ‘तांबा तोजी’ लिहून बसायचा.

चिगुसा : सातच धरतील ते.

तोजी : धरू देत. सातच आहेत.

चिगुसा : बाबांना आधी सांगायला हवं.

तोजी : मी सांगतो. या वेळी मी बोलतो अर्धा तास, आणि त्यांच्याकडं बघून बोलतो. तू लिही.

चिगुसा : ‘निशिगाकी-सान यांच्या गावचे रहिवासी वगळता…’ असं चालेल?

तोजी : ‘रहिवासी’ नको. तपासणीला आल्यासारखं वाटतं. ‘ओळखीची माणसं’ लिही.

चिगुसा : लिहिलं. पाठवू?

तोजी : पाठव.

चिगुसा : गेलं.

तोजी : एवढंच असतं होय? टाकी उतरवायला तीन माणसं लागतात.

चिगुसा : आता ती जाहिरातही ताजिमातून काढावी लागेल. मार्चचा आकडा तरी स्वच्छ हवा, फळी राहो की जावो. आत्ता बंद केली की उद्या सकाळपासून तिकडं दिसणार नाही.

तोजी : उद्या सकाळपासून?

चिगुसा : हो.

तोजी : मग दुपारपर्यंत थांब जरा. पहाटे उठून बघतील आणि मी नसेन, तर म्हातारा गेला असंच समजतील. ओगावा सायकलवरून शोकपत्रं वाटत सुटेल.

चिगुसा : थांबते. पण कळवणार कोण त्यांना?

तोजी : मी करतो घरी फोन. जेवणाच्या सुट्टीत.

चिगुसा : आज मंगळवार आहे. त्या घाबरतील.

तोजी : पहिल्यांदा सांगीन, सगळं ठीक आहे म्हणून.

चिगुसा : आणि मग?

तोजी : मग सांगीन, पुढच्या हिवाळ्यात दाबावं लागणार नाही. समोरच बसलेला असेन.