गालिच्याखालची चपटी केबल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या, माझे सारे सहकारी, आणि समोरच्या पडद्यावर दिसणारी, हा सोहळा घरबसल्या पाहणारी माझी ताई, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, की माझ्यामुळे या कार्यालयाचं नेटवर्क कधी रुसलं नाही. त्यात माझी हुशारी ती काय? केबल निवडताना मी वरच्या दिखाव्याला भुललो नाही, इतकंच. आत निखळ तांबं हवं, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम नको. चपटी, नाजूक केबल दिसायला गोड, पण जरा दाब पडला की मान टाकते. आणि केबलवर खुर्ची ठेवायची नाही, हे मी इतक्यांदा बजावलं की हिशेब विभागातल्या मुली मला ‘वायरमामा’ म्हणू लागल्या.

असो. आई गेल्यावर ताईने लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं. आता तिला जिना उतरवत नाही. माझं भाषण ऐकायचंय, एवढंच तिने मागितलं होतं.

काय म्हणता? पडदा?

खरंच की, ताई हलत नाहीये. कधीपासून? केबलचं बोलत होतो तेव्हापासून?

मंडळी, मान खाली घालून सांगतो. सकाळी ही लाइन मीच टाकली. जाड निळी केबल हातात होती. पण ती माझ्या सत्काराच्या फोटोंत दिसली असती. म्हणून ती ठेवली कपाटात आणि ही चपटी गालिच्याखालून सरकवली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. लाज वाटते हो मला. चार फोटोंसाठी मी ताईचं ऐकणं घालवलं.

अध्यक्ष महोदय, रागावू नका, पण आपली खुर्ची नेमकी त्या चपट्या केबलवर आहे. जरा उठता का? आणि ती निळी केबल आणा कुणीतरी. टाका सरळ मधून. पाहुण्यांनो, पाय सांभाळा.

हं. ताई, ऐकू येतंय?

“येतंय. तुझं तांबं-बिंबं ऐकलं, मग सगळं ठप्प. पुढे काय म्हणालास?”

तुझंच बोललो गं. तू मला शिकवलंस, ते.

“ते मला माहितीये. चारचौघांत म्हणालास का, तेवढं सांग.”

म्हणालो, ताई. सगळ्यांनी ऐकलं. तूच तेवढी राहिलीस.

मंडळी, आपण सारे आलात, अध्यक्षांनी तर उभ्यानेच ऐकून घेतलं, मी आपला ऋणी आहे. झाला तो घोटाळा पोटात घाला. फक्त बसण्याआधी तेच वाक्य पुन्हा म्हणू द्या. मला माझ्या ताईने शिकवलं.