दोष कॅमेऱ्याचाच

मार्लिस : बास कर आता. त्या ओटमीलच्या डब्याचे किती फोटो काढशील? आपल्या लग्नातसुद्धा माझे एवढे निघाले नव्हते.

आर्व्हिड : डबा हलत नाही, मार्लिस. मध्येमध्ये बोलतही नाही. नवा कॅमेरा पारखायचा तर असंच काहीतरी लागतं.

मार्लिस : परवा गॅरेजच्या विटा झाल्या, काल पायपुसणं झालं. शेजारची कॅरल विचारत होती, घर विकायला काढलंय का म्हणून.

आर्व्हिड : तिला काय कळतंय! तू बघ इकडे. लॅपटॉपवर मोठा करतो. हा खालचा कोपरा. दिसली अक्षरं? लोणी उन्हात ठेवल्यासारखी सगळी पसरलीत. जुन्यापेक्षा दुप्पट बारकावे म्हणे! परत घ्यायची मुदत संपायच्या आत हाही पाठवून देतो.

मार्लिस : आधीचाही असाच पाठवलास. वर मॅडिसनच्या त्या दुकानदाराला दोन पानी पत्र! बिचाऱ्याने माफी मागितली, तीही कशाची ते न कळता.

आर्व्हिड : मग काय गप्प बसायचं? हल्ली कुणाला कामाची चाडच राहिली नाही.

मार्लिस : नाचता येईना, अंगण वाकडं.

आर्व्हिड : चाळीस वर्षं फोटो काढतोय मी. काउंटीच्या जत्रेतल्या फोटोस्पर्धेत दोनदा पहिला आलोय.

मार्लिस : गाईच्या फोटोला. गाय देखणी होती.

(मार्लिसचा धाकटा भाऊ ड्वेन मागच्या दाराने आत येतो. गळ्यात आर्व्हिडचा जुना कॅमेरा.)

ड्वेन : दाजी, तुमचे उपकार मानायला आलोय. 'हा धूसर झालाय, घेऊन जा' म्हणून हा कॅमेरा मला दिलात ना? कालच्या सामन्याचे फोटो बघा. पोरांच्या कपाळावरचा घाम मोजून घ्या.

आर्व्हिड : एवढ्याशा पडद्यावर सगळंच छान दिसतं.

ड्वेन : घरी टीव्हीवर लावून पाहिले की! एकच गोष्ट करावी लागली. डोळा लावतो त्या खिडकीशेजारी ते बारीक चाक असतं ना, ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवायचं? ते तुम्ही पार टोकाला नेऊन ठेवलं होतं. मला भोवळच आली. मागे फिरवलं, झालं काम.

मार्लिस : ड्वेन, या नव्याचं चाक बघ.

ड्वेन : आण. ... हेही टोकालाच आहे, ताई.

आर्व्हिड : कारखान्यातूनच तसं आलं असेल.

मार्लिस : हो ना, प्रत्येक वेळी! आता तुझं ते पसरलेलं लोणी मी इथून वाचते, सिंकपाशी उभी राहून. 'कोरड्या जागी ठेवा. झाकण घट्ट लावा.' बरोबर, ड्वेन?

ड्वेन : शब्द न् शब्द.

आर्व्हिड : रोज सकाळी डबा तूच उघडतेस. पाठ असेल तुला.

मार्लिस : कुणाला काय पाठ आहे ते मी सांगते. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवतोयस. तोच रस्ता, तीच वळणं. हल्ली तू रस्ता बघत नाहीस आर्व्हिड, पाठ म्हणतोस.

ड्वेन : ताई, जरा हळू.

मार्लिस : का हळू? एक्केचाळीस पोरं बसतात याच्या मागे! तीन कॅमेरे तपासले, डोळे एकदाही नाही. डॉक्टरची वेळ मी दोनदा घेतली, याने दोनदा मोडली. मोतीबिंदू निघाला की बस काढून घेतील, हे याला पक्कं ठाऊक आहे.

आर्व्हिड : ठाऊक आहे, हो! मग पहाटे पाचला उठून मी करू काय? डब्याचे फोटो काढत बसू?

मार्लिस : काढत बस. डबा काही रस्ता ओलांडत नाही.

ड्वेन : दाजी, आमची केल्सी तुमच्याच बसने जाते. रागावू नका, पण मलाही कळायला हवं.

आर्व्हिड : ... मंगळवारी सकाळी धुकं होतं.

मार्लिस : मंगळवारी लख्ख ऊन होतं. मी चादरी वाळत घातल्या होत्या.

आर्व्हिड : टोलेफसनांच्या फाटकाशी त्यांची टपालपेटी आहे बघ, खांबावर. लाल. मी बस वळवत होतो. म्हटलं, यांनी दुसरी पेटी कधी बसवली? आणि मग ती पेटी बाजूला झाली.

ड्वेन : अरे देवा.

आर्व्हिड : त्यांची धाकटी होती. लाल कोटातली. बसमध्ये चढली आणि रोजच्यासारखं मला 'गुड मॉर्निंग' म्हणाली.

मार्लिस : ... डॉक्टरचा दवाखाना शनिवारी एकपर्यंत उघडा असतो. लावू फोन?

आर्व्हिड : आधी शाळेला लाव. दुसरा माणूस शोधायला वेळ लागेल त्यांना.