पहिले पाच नग

माझे नाव ठाण्याच्या नोंदवहीत लिहून घेतले आहे. वय ६३ वर्षे. धंदा: बाटल्या भरण्याच्या कारखान्यातून गुणवत्ता तपासनीस म्हणून निवृत्त, सध्या घरकाम व सुनेचा अभ्यास घेणे. राहणार: शिंप्याच्या दुकानावरचा मजला, जिना मागच्या बाजूने.

समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. बोलावणे सुनेला आले होते. मी सोबत म्हणून आले आणि आता स्वतःहून जबाब देत आहे. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी थोडक्यात सांगा असे म्हटले. थोडक्यात सांगून आजवर कोणाचे भले झालेले मी पाहिले नाही, म्हणून जसे घडले तसे सांगते.

माझी सून, वय ३४, इस्पितळाच्या औषध-भांडारात कारकून आहे. लग्नामुळे तिचे शिक्षण अर्धवट राहिले होते. तीन वर्षांपूर्वी तिने कॉलेजात पुन्हा नाव घातले. व्यवसाय, संख्याशास्त्र आणि संगणक असे तिचे विषय आहेत. हे शेवटचे वर्ष. पदवी हातात आली की तिला भांडारप्रमुख करणार आहेत, तसे पत्रही तिला मिळाले आहे. चोरीचा गुन्हा नोंदला गेला तर कॉलेज तिला परीक्षेला बसू देणार नाही व ते पत्रही रद्दीत जाईल. माझा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. चार वर्षांत घरी आलेला नाही. त्याविषयी मला काही विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही. घरात आम्ही दोघीच.

रोज सकाळी सहा ते साडेसात आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर गृहपाठ घेऊन बसतो. व्यवसायाचे पुस्तक मला फारसे पटत नाही, त्यात सोप्या गोष्टी अवघड करून सांगितल्या आहेत. संगणकातले तिला कळते, मला नाही. संख्याशास्त्र मात्र माझे. मी कॉलेजची पायरी चढलेली नाही, पण सव्वीस वर्षे नमुने काढून मोजले आहेत. कारखान्यात मला चाळणी म्हणत, कारण माझ्या हाताखालून खराब नग बाहेर जात नसे. नग म्हणजे एक वस्तू, इथे एक बाटली. सुनेला नमुना कसा काढायचा हे मी बटणांवर शिकवले. शिंप्याकडून उरलेल्या बटणांचा डबा आणला. डबा हलवायचा, डोळे मिटायचे, मूठभर काढायची आणि त्यावरून अख्ख्या डब्यात काळी किती, पांढरी किती ते सांगायचे. पहिल्या आठवड्यात ती चुकत होती. दुसऱ्या महिन्यात तिने मला मागे टाकले.

गेल्या सोमवारी सकाळी तिने तिन्ही विषयांचा मिळून दिलेला एक गृहपाठ काढला. एका कारखान्यात बाटल्या भरण्याचे मशीन आहे. चाळीस बाटल्यांची मापे दिली आहेत. सरासरी काढायची. ती ४९७ मिलिलिटरपेक्षा कमी आली तर मशीन बदलायचे, नाहीतर ठेवायचे. हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून तो उत्तरासोबत छापून द्यायचा. प्रश्न सुनेने मोठ्याने वाचला. बाटल्या भरण्याचे मशीन एवढे कानावर पडले आणि पुढचे मी ऐकले नाही. माझ्या हातचे काम होते ते.

मी सांगितले की पहिले पाच नग सोडून दे. सकाळी मशीन थंड असते, पहिल्या पाच बाटल्या कमी भरतात, आम्ही त्या कधी धरल्या नाहीत. पस्तीसचीच सरासरी काढ. सुनेने पेन्सिल खाली ठेवली व म्हणाली, "आई, या बाटल्या दिवसभरातून कुठूनही उचलल्यात असं लिहिलंय. डबा हलवून काढलेल्या बटणांत पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं?"

मी म्हटले, "कारखान्यात मी होते की तू?"

मान खाली घालून तिने पेन्सिल पुन्हा उचलली. तिने पस्तीस बाटल्या धरल्या. सरासरी ४९८ आली, मशीन ठेवा असे उत्तर लिहिले. मी चहा टाकला.

मंगळवारी दुपारी तिने कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रोग्रॅम व उत्तर टाइप केले. तिथला प्रिंटर फक्त चौदा नंबरच्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे, त्यामुळे सगळे त्याच कॉम्प्युटरवरून छापतात. तिने कागद काढले, फाइल तिथेच राहिली व ती ड्यूटीवर गेली. त्याच दुपारी संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांचा पेन ड्राइव्ह लॅबच्या टेबलावरून नाहीसा झाला. त्यात या गृहपाठाची उत्तरे होती. गुरुवारी गृहपाठ गोळा झाले तेव्हा तेवीस जणांची उत्तरे व प्रोग्रॅम शब्दन् शब्द एकसारखे निघाले. त्यातल्या एका मुलाच्या कागदाखाली हजेरी क्रमांक एकसष्ट छापलेला राहून गेला होता. एकसष्ट माझ्या सुनेचा. पेन ड्राइव्ह तिने चोरला व उत्तरे वाटली, असे प्राध्यापकांनी ठरवले आणि शुक्रवारी कॉलेजने इथे तक्रार दिली.

आज शनिवार, सकाळी साडेदहा वाजता आम्ही ठाण्यात आलो. प्राध्यापक आधीच येऊन बसले होते. माणूस सज्जन वाटला, फक्त घाईचा. ठाणे अंमलदारांनी सुनेला विचारले, तिने चोरी केली नाही व उत्तरे कोणाला दिली नाहीत असे सांगितले. अंमलदार म्हणाले की मग तेवीस कागद एकसारखे कसे. मी अंमलदारांना विचारले की, प्राध्यापकांचे स्वतःचे उत्तर कुठे आहे. ते तक्रारीला जोडलेले होते. मी ते मागून घेतले. त्यात चाळीस बाटल्या, सरासरी ४९६.५, मशीन बदला. तेवीस कागदांवर पस्तीस बाटल्या, सरासरी ४९८, मशीन ठेवा. शिवाय तेवीसच्या तेवीस प्रोग्रॅमवर वरच्या ओळीत पहिले पाच नग सोडा असे लिहिलेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटले की, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पेन ड्राइव्हमध्ये जे उत्तर नाही ते त्यातून चोरता येत नाही. बाकीच्या बावीस जणांनी चौदा नंबरवर राहिलेली सुनेची फाइल उचलली आहे, म्हणजे चोरी झाली असेल तर तिची. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका.

प्राध्यापकांनी चष्मा काढून कागद जवळ घेतले. बराच वेळ पाहिले. मग त्यांनी मान्य केले की, त्यांनी मुलांचे कागद एकमेकांशी ताडले, स्वतःच्या उत्तराशी ताडले नाहीत. मला वाटले, झाले, आता घरी जायचे.

पण ते सुनेकडे वळले आणि त्यांनी विचारले की पाच बाटल्या का सोडल्या, प्रश्नात तसे काही नाही. सून म्हणाली, "माझी समजूत चुकली, सर." त्यांनी पुन्हा विचारले की ही समजूत आली कुठून. ती म्हणाली, "माझीच." माझ्याकडे तिने पाहिलेदेखील नाही. प्राध्यापक म्हणाले, "आपल्या उत्तराचं कारण ज्याला सांगता येत नाही, त्याने ते स्वतः सोडवलं असं मी कसं मानू? पेन ड्राइव्हचं सोडा. हे कोणाकडून तरी उतरवलेलंच आहे. परीक्षेला बसू देऊ नये, असं मला कॉलेजला कळवावं लागेल." सून खाली बघत राहिली. तिला एका वाक्यात सुटता आले असते. ते वाक्य ती बोलणार नाही हे मला तिच्या मानेवरून कळले. सोमवारी पेन्सिल पुन्हा उचलली तेव्हाही तिची मान अशीच होती.

तेव्हा मी प्रश्नाचा कागद मागितला, चष्मा लावला आणि तो पहिल्यांदा स्वतः वाचला. दुसऱ्याच ओळीत लिहिले आहे की, या बाटल्या दिवसभरातून चिठ्ठ्या टाकून उचलल्या व यादीचा क्रम बनण्याचा क्रम नाही. यादीतल्या पहिल्या पाच बाटल्या म्हणजे थंड मशीनच्या पहिल्या पाच नव्हेत. त्यातली एखादी जेवणाच्या सुट्टीनंतरची असेल, एखादी संध्याकाळची. मला फार लाज वाटली. सव्वीस वर्षांत एवढी वाटली नव्हती. सून हेच सांगत होती, मी शिकवलेल्या बटणांवरून सांगत होती, आणि मी तिला गप्प बसवले होते.

म्हणून मी अंमलदारांना हा जबाब घ्यायला लावला. हवालदार म्हणाले, "बाई, हे गुन्ह्याच्या कामाचं नाही, कशाला लिहायचं?" मी म्हटले, "कामाचं एवढंच आहे. लिहा."

तरी माझे सांगणे असे की, पहिले पाच नग सोडण्याची चूक माझी आहे. ती मी सोमवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास केली. सुनेने तेव्हाच हरकत घेतली होती आणि सून बरोबर होती. वडीलधाऱ्या माणसाचा मान राखून तिने चुकीचे उत्तर लिहिले व आज तीन माणसांसमोर ते स्वतःच्या अंगावर घेतले. चाळीसच्या चाळीस बाटल्या धरून तिला हा हिशेब येतो. प्राध्यापकांनी आत्ता, इथे, कोऱ्या कागदावर घेऊन पाहावा. कारखान्यातला आमचा नियम कारखान्यात बरोबर होता, हेही लिहावे.

पेन ड्राइव्ह कुठे आहे ते मला माहीत नाही. प्राध्यापकांना मी मंगळवारी घातलेल्या कोटाचे आतले खिसे पाहायला सुचवले होते. घरी जाऊन पाहतो म्हणाले.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदारांनी उतरवला व मला मोठ्याने वाचून दाखवला. सून बाहेरच्या बाकावर कोरा कागद मांडीवर घेऊन हिशेब करत होती, दार उघडे होते. सून बरोबर होती, हे वाक्य मी हवालदारांना पुन्हा वाचायला लावले, जरा आवाज चढवून. बाहेरची पेन्सिल थांबली. लिहिले आहे ते सगळे खरे आहे, म्हणून सही करते.