कोपऱ्यापर्यंत

(भिवपुरीजवळच्या एका गावात बायजाच्या घराची पडवी. रविवारची दुपार. बायजा आणि तिची सून किरण वालाच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. कर्जतहून आलेल्या निवृत्त शिक्षिका आसावरीबाई समोर खुर्चीत.)

बायजा: हा उंदरानं नाय कुरतडला, बाई. उंदीर दोरा तोडतो, असा गुंडाळून नाय ठेवत. रुमालाचा हा कोपरा कुनीतरी बसून उसवलाय.

आसावरी: मी उसवला.

बायजा: तुमी?

आसावरी: कोपऱ्यातले खांब मोजायचे होते, तू किती टाके घालतेस ते बघायला. मोजून कागदावर लिहिले आणि परत विणायला बसले, तर जमेना. चार दिवस झाले. कधी कोपरा वाटीसारखा वर उचलतो, कधी त्याची झालर होते. म्हणून आले तुझ्याकडे.

बायजा: तीस वर्सांत कदी कोपऱ्याला हात नाय लावलात. बाजू तुमच्या, कोपरे माजे. शाळेत शनवारी दुपारी तुमी आमा बायकांना क्रोशाची सुई धरायला शिकवली, तवापासनं हेच चाललंय. आता मदीच काय झालं?

किरण: आई, मॅडमना पाणी तरी पिऊ द्या. उन्हातून आल्यात.

आसावरी: राहू दे गं, प्यायले मी. बायजा, मी पोर्तुगालला चाललेय. बारा दिवसांनी.

बायजा: फिरायला?

आसावरी: लेस विणणाऱ्या बायकांचं संमेलन आहे तिथे, समुद्रकाठच्या एका गावात. तीस-बत्तीस देशांतून येतात. कुणी आपल्यासारखं क्रोशाने विणतं, कुणी उशीवर टाचण्या टोचून, लाकडी रिळं इकडची तिकडे टाकून विणतं. मिहीरने, माझ्या भाच्याने, आपल्या रुमालाचे फोटो पाठवले होते. त्यांनी बोलावलंय. मला एक टेबल देणार आहेत. तासभर सगळ्यांसमोर विणून दाखवायचं.

बायजा: मग बरं झालं की. असं सुतकी तोंड का केलंय?

किरण: काय विणून दाखवायचंय, मॅडम?

आसावरी: रुमालाची किनार.

किरण: किनार म्हणजे बाजू का कोपरा?

आसावरी: तूच वाच. हे त्यांचं पत्र. तुला सवय असेल अशा पत्रांची.

किरण: हो, रसायनीला आमच्या ऑफिसात बाहेरच्या देशांची पत्रं मलाच बघावी लागतात. थांबा हं. नमस्कार वगैरे आहे. मग म्हणतायत, 'तुमच्या रुमालाच्या सरळ बाजूंसारखं सुबक काम आमच्याकडे पुष्कळ जणी करतात. पण कोपरा इतका सपाट बसलेला आम्ही आजवर पाहिला नाही. तो कसा वळवता, ते कृपया येऊन दाखवावं.' वर नाव आहे श्रीमती आसावरी. तुमचं एकटीचंच.

बायजा: एकटीचंच.

किरण: फोटोंबरोबरचा फॉर्म तुम्हीच भरला होता ना?

आसावरी: विणणाऱ्याचं नाव लिहा, असा एकच रकाना होता.

किरण: ऑफिसात मी पण भरते असे फॉर्म. रकाना केवढाही असला तरी दोन नावं मावतात.

बायजा: किरण, तू शेंगा सोल.

आसावरी: बोलू दे तिला, बरोबर बोलतेय. माझ्या हातून राहून गेलं असं म्हणणार होते मी. पण राहून नाही गेलं. तुझं नाव मनात आलं होतं. मग वाटलं, सुई धरायला मी शिकवली, नमुना मी काढला, कापड मी आणलं. कोपरा म्हणजे काय, दोन बाजूंचा सांधा. त्याला कशाला वेगळं नाव. आणि मग हे पत्र आलं. इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन दिवस कुणाला दाखवलंच नाही. चाळीस वर्षं विणतेय मी, बायजा. आणि माझ्यासारखं काम तिथे पुष्कळ जणी करतात.

बायजा: बाजू चांगल्याच असतात तुमच्या. पयला खांब आन् शेवटचा खांब, दोन्ही येकाच उंचीचे.

आसावरी: समजूत नको घालूस माझी.

बायजा: समजूत कोन घालतंय. राग आलाय मला. पन राग आला म्हनून चांगल्या बाजूला वाकडी कशी म्हनू?

आसावरी: मला कोपरा शिकव. निघेपर्यंत रोज येईन मी. मला जायचंय गं. शाळा झाली, घर झालं, सासूबाईंचं अंथरूण झालं. या सगळ्यात मला कधी कुणी म्हटलं नाही, की या, तुमच्या हातचं बघायचंय.

बायजा: नाय शिकवनार.

किरण: आई, असं काय.

बायजा: तुला म्हाईत नाय. बाई, माथेरानला गेलो होतो आपन, हाटेलात टेबलावरचे रुमाल द्यायला. गाडी थांबते त्या दस्तुरीपासनं चालत वर. पिशवी माज्या खांद्याला. मालकिनीनं रुमाल उलगडला, बाजूवरनं बोट फिरवत कोपऱ्यावर आली आन् थांबली. म्हनली, हे कुनी केलं? तुमी म्हनलात, मी.

आसावरी: 'आम्ही' म्हटलं असेन.

बायजा: मी म्हनलात. मी तुमच्या मागंच हुबी. उतरताना मनाला समजावलं, घाईत इसरल्या असतील. वीस वर्सं तेच म्हनत आले. आज ह्या फारमाचं ऐकलं आन् कळलं, तुमी इसरत नाय.

आसावरी: नाही. विसरत नव्हते.

किरण: चहा टाकू का?

बायजा: मागनं टाक. बाई, तो कागद द्या इकडं. काय मोजलंत ते वाचून दाखवा.

आसावरी: उसवलेल्या कोपऱ्यात, टोकाच्या भोकात, अकरा खांब. मग वाटलं बाकीचेही मोजावेत. ते न उसवता, नुसते बघून मोजले. दुसऱ्यात तेरा, तिसऱ्यात दहा, चौथ्यात बारा.

बायजा: मग?

आसावरी: मग काही नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. तुझे कोपरे कधीच सारखे नसतात. मला वाटायचं, तुझं मोजताना चुकतं. तू दुखावशील म्हणून कधी बोलले नाही.

बायजा: चुकतं व्हय माजं?

आसावरी: चारी कोपरे सारखे यायला हवेत ना.

बायजा: कापडाचे चारी कोपरे सारखे असतात का? पट्टी लावून कापलंत तरी एकदा पान्यातनं काढलं की येक वढला जातो, येक ढिला पडतो. मी सुई घालायच्या आधी कोपरा अंगठ्याखाली दाबून बघते. तो मागंल तितके खांब द्यायचे. कमी दिले तर वाटी व्हते, जास्ती दिले तर झालर. तेरा घेतले का दहा, ते मी कदी मोजलंच नाय. आज तुमच्याकडनं कळलं.

आसावरी: माझ्याकडे सगळं लिहून ठेवलंय. बाजू किती खांबांची, साखळ्या किती. तीस वर्षांच्या वह्या आहेत. कोपऱ्याचं पान कुठेच नाही, आणि मला ते कधी खटकलंही नाही.

किरण: म्हणजे मॅडम, तुम्ही ज्याला चूक समजून पोटात घातलंत, तेच त्यांना बघायचंय.

आसावरी: हो. तेच.

बायजा: किरण, आता पुरे.

आसावरी: हे बारा दिवसांत शिकून येण्यासारखं नाहीच. मी त्यांना कळवते, येत नाही म्हणून.

किरण: येत नाही असं कशाला कळवता? मी मेल लिहून देते ना. बाजू मॅडमच्या, कोपरे बायजाबाईंचे, अगदी स्पष्ट. मग आईंना पण बोलावतील. चालेल ना, आई? विमानात बसाल?

बायजा: हौस नाय असं कसं म्हनू. पन बारा दिवसांत माजं काय हुनार, साधा पासपोर्ट नाय. आन् मेल नको.

आसावरी: का? मी आत्ता पाठवते, तुझ्यासमोर.

बायजा: मेल दोघीतिघी वाचतील आन् ठेवून देतील. मालकिनीसमोर जे बोललात ते तोंडानं बोललात. हे बी तोंडानं बोला. जावा तुमी. त्या टेबलाशी बसा, बाजू विना, तुमची नेमीची. कोपऱ्यापर्यंत या आन् सुई खाली ठेवा.

आसावरी: सगळे कोपराच बघायला जमलेले असतील.

बायजा: म्हनून तर.

आसावरी: हसतील मला. साठी उलटल्यावर एवढ्या लांब गेले, आणि जे दाखवायला बोलावलं तेच येत नाही. मला भीती वाटते, बायजा. खरंच वाटते.

बायजा: हसतील दोनचार जनी. मी माथेरानला हुबी होते तवा कुनी हसलं बी नाय. माज्याकडं बघितलंच नाय कुनी.

किरण: मॅडम, पाणी घ्या.

आसावरी: दे. सुई खाली ठेवून मग काय सांगू?

बायजा: ते मी सांगायचं? मास्तरीन तुमी.

आसावरी: सांगेन, इथपर्यंत माझं काम. इथून पुढचं बायजाचं.

बायजा: नुसतं बायजा नको. पुरं नाव घ्या.

आसावरी: इथपर्यंत माझं काम आहे. इथून पुढचं बायजा नामा ठोंबरे यांचं. कोपरे सगळे त्यांचे. मला ते येत नाहीत.

किरण: इंग्लिशमध्ये लिहून देऊ का, मॅडम? तिथे ऐन वेळी आठवणार नाही.

आसावरी: नको गं. इंग्रजीत येईल मला. मराठीतच कधी म्हटलं नव्हतं, ते आज म्हटलं.