पुढं सरकणारी सिरीयल

परवाचीच गोष्ट सांगतो. नागपूरजवळच्या बेसाला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शोभामावशींनी मला बोलावलं.

"टीव्ही बिघडला गा. मी दोन भाग पाहून बंद करते, अन् दुसऱ्या दिवशी सिरीयल पाचव्या भागावर असते!"

मी वायफाय बंद-चालू केलं, ॲप अपडेट केलं, तरी तेच. शेवटी त्यांचं खातं कुठं कुठं चालू आहे ते पाहिलं. एक टीव्ही नागपुरातला, दुसरा पुण्यातला. पुण्यात त्यांचा मुलगा नितीन राहतो. स्वतःच्या लग्नावरून मावशींशी भांडून गेला, तेव्हापासून चार महिने फोन नाही.

"मावशी, नितीन तुमच्याच प्रोफाइलवर हीच सिरीयल पाहून राहिला. पासवर्ड बदलू का?"

मावशी स्क्रीनकडे बघतच राहिल्या. "त्याले तं ही सिरीयल आवडतच नव्हती. मी लावली की उठून जाये."

मग त्यांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. "काही बदलू नको गा."

मोबाईल उचलून त्यांनी नंबर लावला. तिकडून 'हॅलो' ऐकू आलं. मावशी एवढंच बोलल्या, "नितीन, जरा हळू पाहत जाय गा. मी अजून मागंच आहो."